अन्नपूर्णाबाईचं नाक

आर्वीत बगळा छाप बिडीचा कारखाना होता तोवर लहानू थूल या नावाला गावात वजन होतं. लहानू तमाखूचा पारखी. मालक बापूजींची गादी, गोदाम, दीड-दोनशे बिडी वळणाऱ्या बाया, सगळं लहानूच्या जिभेवर चालतं असं लोक म्हणायचे आणि तो मिशीतल्या मिशीत हसायचा. पण ही गोष्ट त्याच्या बायकोची, अन्नपूर्णाबाईची आहे. त्या दीड-दोनशे बायांमधली ती एक. तिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं, म्हणून तर सांगायला बसलो.

अन्नपूर्णा नवव्या वर्षापासून बिड्या वळत होती. मांडीवर सूप, सुपात तेंदूची कापलेली पानं, बाजूला तमाखूची पुडी आणि बोटाला गुंडाळलेला दोरा. जन्मात तिने एक झुरका घेतला नाही. पण नाक असं की कारखान्याचा माल घरोघर वाटणारा सट्टेदार पुडी सोडायच्या आत ती म्हणायची, "हे पोतं भितीले लागून ठेवलं होतं नं? ओल धरली यानं." सट्टेदार वैतागायचा, म्हणायचा, बाई, तुला वळायला दिलंय की हुंगायला? मग गोदामात जाऊन बघायचा तर पोतं भिंतीला टेकूनच उभं असायचं.

लहानूचं काम निराळं. निपाणीहून किंवा गुजरातेतून नवा माल आला की बापूजी पोत्यातून मूठभर तमाखू काढून त्याच्या हातावर ठेवत. लहानू ती चोळायचा, हुंगायचा, घरी नेऊन तिच्या दोन-चार बिड्या वळायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाचा घोटही घ्यायच्या आधी, त्या ओढून पाहायचा. चहाने तोंड खोटं होतं, असा त्याचा नियम. मग कारखान्यात जाऊन तो एकच शब्द बोलायचा. "घ्या" म्हणाला तर ट्रक उतरायचा, "परत" म्हणाला तर जसा आला तसा जायचा. व्यापारी हातापाया पडत, पण तीस वर्षांत त्याने आपला शब्द फिरवला नव्हता.

त्याचा आणखी एक नियम होता आणि तो त्याने बायकोच्याही डोक्यात पक्का बसवला होता. "सुका वास खोटं बोलते. धूर खोटं बोलत नाई." बुरशी लागलेल्या तमाखूवर व्यापारी गुळाचं पाणी शिंपडून तिला नटवतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. नटवलेली तमाखू हातात गोड लागते, पेटवली की आतलं सोंग बाहेर पडतं. म्हणून दोन वासांत भांडण लागलं तर धुराचं ऐकायचं.

एवढा मोठा मान, पण बापूजींच्या घरी त्याचा चहा यायचा तो कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या कपात. ज्याच्या तोंडाने सारा तालुका बिडी ओढत होता त्याच्या तोंडचा कप यांना चालत नव्हता. लहानू तिथे काही बोलायचा नाही. अन्नपूर्णाला मात्र ते ऐकून दर वेळी संताप यायचा आणि ती त्या दिवशी भाकरी जरा जास्तच जोरात थापायची.

पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात एक दिवस ती वरणात मीठ घालायला विसरली. लहानू जेवला, दुसऱ्यांदा वरण मागून घेतलं आणि हात धुताना म्हणाला, "आज चांगलं झालं होतं." ती नंतर जेवायला बसली आणि पहिल्याच घासाला तिचा हात थांबला. संध्याकाळी तिने मुद्दाम भाजीत दुप्पट मीठ घातलं. लहानूने तीही मुकाट्याने खाल्ली.

"कवापासून?" तिने विचारलं.

त्याने ताट बाजूला सारलं. "होळीपासून. पहिले वाटलं सर्दी असंन."

"आन् होळीपासून माल कसा पारखून राह्यले तुमी?"

"राख पाहून. पान कसं जळते ते पाहून. अंदाजानं." मग त्याने आवाज खाली आणला. "अन्नपूर्णा, कोणाले सांगू नोको. अश्वजितलेबी नाई. पारख्याची जीभ मेली म्हणजे माणूसच मेला समज."

अश्वजित म्हणजे त्यांचा मुलगा. कारंजा घाडग्याजवळच्या एका खेड्यात तो शाळामास्तर होता आणि दर रविवारी घरी यायचा. तमाखूचा त्याला मनापासून तिटकारा. आल्या आल्या तो सगळी दारं-खिडक्या उघडून टाकायचा आणि म्हणायचा, "माय, या घरात माणसं राह्यते का तमाखू?" त्याला सांगितलं असतं तर त्याने त्याच दिवशी बापाला घरी बसवलं असतं. म्हणून त्यालाही सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे गरिबाला शिकवावं लागत नाही.

मग दोघांनी मिळून एक रीत बसवली. नवा माल आला की पहाट उलटल्यावर, चूल पेटवायच्या आधी, दोघं मागच्या सपरीत, म्हणजे पडवीत, समोरासमोर बसत. अन्नपूर्णा दोन्ही हातांची ओंजळ करून नाकाशी धरायची. लहानू बिडी पेटवून झुरका घ्यायचा, धूर तोंडात खेळवायचा आणि हळूच तिच्या ओंजळीत सोडायचा. ती डोळे मिटून सांगायची, "तिखट हाये, पण साफ हाये. गुजरातच्या मालात निम्मं मिसळलं तर चालंन." लहानू तेच शब्द मनात घोकत कारखान्यात जायचा आणि आपल्या भारदस्त आवाजात म्हणायचा, "घ्या."

खरं सांगायचं तर अन्नपूर्णाला ते आवडू लागलं. तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने तिचं मत कशावर विचारलं नव्हतं. आता तो गुडघ्याला गुडघा लावून बसायचा आणि निकाल लागेपर्यंत तिच्या तोंडाकडे शाळकरी पोरासारखा पाहायचा. त्याची जीभ गेल्याचं दुःख होतंच. पण त्या दुःखाच्या खाली हा एक चोरटा आनंद होता आणि त्याची तिला लाजही वाटायची.

दोन वर्षं हे सुरळीत चाललं. सत्त्याण्णवच्या पोळ्याच्या सुमारास निपाणीचा एक माल आला. अन्नपूर्णाने पुडी हुंगली तर वास स्वच्छ. पण सकाळी ओंजळीत धूर आला आणि तिने तोंड फिरवलं. धुराच्या मागे एक बारीक, गोडसर, कुजकट वास होता. "वरून चांगला दिसते, पण आतून सडला हाये," ती म्हणाली. लहानूने जाऊन सांगितलं, "परत." दिवाळीत दलाल प्रभाकररावांनी गुजरातेतून माल आणला. पुन्हा तेच. पुडी चोख, धूर सडका. संक्रांतीला प्रभाकररावांनी चिडून दुसऱ्याच गावचा, निवडून घेतलेला माल आणला. त्याच्या धुराला तर तो वास पहिल्यापेक्षा जास्त. अन्नपूर्णाच्या मनात तिन्ही वेळा पाल चुकचुकली. सुका वास इतका नितळ, मग धूर असा कसा? पण नियम तो नियम. धूर खोटं बोलत नाही.

या सगळ्या दिवसांत लहानूची दाढ दुखत होती. दिवसभर तो गालात लवंग धरून असायचा आणि एका बाजूनेच चावायचा. अन्नपूर्णा म्हणायची, उपटून टाका. तो म्हणायचा, उन्हाळ्यात पाहू. घरात लवंगेचा आणि तमाखूचा वास इतका मुरला होता की तिसऱ्या वासाला बसायला जागा नव्हती. फक्त माल पारखायच्या सकाळी तो लवंग थुंकून, तोंड खळखळून धुऊन, कोरड्या तोंडाने बसायचा.

संक्रांतीचा परत गेलेला माल प्रभाकररावांनी गोंदियाकडच्या एका कारखान्याला घातला आणि तिथे तो सोन्यासारखा चालला. मग काय, त्यांना तोंड फुटलं. चौदा एप्रिल तोंडावर आली होती, अन्नपूर्णा घराला चुना लावत होती, तेव्हा लहानू कारखान्यातून भर दुपारी घरी आला. त्याच्या हातात अल्युमिनियमच्या दोन नळ्या होत्या. तो सपरीत खाटेवर बसला तो बसलाच.

"काय झालं जी?" तिने चुन्याचा ब्रश बादलीत टाकला.

त्याने नळ्या उघडल्या. आतून अंगठ्याएवढ्या जाड, तपकिरी, गुळगुळीत अशा दोन चिरूट निघाल्या. "सिगार म्हन्ते याले. परभाकररावनं आनल्या. एक असली हाये, परदेशातली. त्याच्यावर जगात माल नाई म्हन्ते. दुसरी नकली, इकडंच कुठंतरी बनवून तशीच दिसाले केली. पट्ट्या काढून टाकल्या दोन्हीच्या. असली कोंती ते मी उद्या सांगाचं."

"आन् नाई सांगतलं तं?"

"बापूजी काई बोलले नाई. पण परभाकरराव त्यायच्या तोंडावर म्हनला, तुमच्या पारख्याचं नाक बसलं. बापूजी त्यावरबी काई बोलले नाई." तीस वर्षांचा मालक गप्प बसला, हेच त्याला जिव्हारी लागलं होतं.

"तिथंच ओढून पाहा म्हनले असतीन मंग?"

"म्हनला नं तो. मी म्हनलं, मी सकाळी, चहाच्या आंधी पारखतो. तीस वर्षांचा नेम मोडत नाई." तो तिच्याकडे पाहून कसंनुसं हसला. "आता तुह्या हातात हाये, अन्नपूर्णा."

त्या संध्याकाळी ती दोघं दोन्ही सिगारी पुढ्यात घेऊन बसली. असला माल दोघांच्या बापजन्मी पाहण्यात आला नव्हता, पण पान ते पान. लहानूच्या बोटांना अजून सगळं कळत होतं. त्याने एक सिगार कानाजवळ धरून हलकेच दाबली. "हे कोरडी बोलते. यात चुरा भरला. हे दुसरी पाह्य, बोटाखाली दबते आन् पुना वर येते. याचं पान एका अंगानं तेलकट हाये, शिरा बारीक." अन्नपूर्णाने दोन्ही हुंगल्या. पहिलीला वास होता तो वरून फासलेला, काकवीसारखा, एकदम नाकात घुसणारा. दुसरी आधी बोललीच नाही. मग हळूहळू तिच्यातून सागाच्या ताज्या भुशाचा वास आला, त्यामागून नव्या चामड्याचा आणि सगळ्यात शेवटी वाळलेल्या गवताच्या गंजीचा. इतका सावकाश, इतका स्वच्छ वास तिने आयुष्यात घेतला नव्हता. ती एकटक त्या सिगारीकडे पाहत राहिली.

"हेच असली," ती म्हणाली.

"सुका वास खोटं बोलते," लहानू म्हणाला. "धूर पाहू सकाळी."

सकाळी सपरीत ऊन यायच्या आत दोघं समोरासमोर बसली. लहानूने लवंग थुंकली, तोंड धुतलं. प्रभाकररावांनी बजावलं होतं की सिगारीचा धूर छातीत घ्यायचा नसतो, तोंडातच फिरवायचा. पण चाळीस वर्षांची बिडीची सवय. पहिला झुरका त्याने सरळ छातीत ओढला आणि असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. अन्नपूर्णाने पाठ चोळली. दुसरा झुरका त्याने तोंडात धरला, गालात फिरवला आणि तिच्या ओंजळीत सोडला.

तिने झटकन हात दूर केले. "सडली हाये."

"ठीक हाये. मंग हे नकली. तुवा दुसरीले असली म्हनलं होतं नं?" तो जरा सावरला. त्याने दुसरी सिगार पेटवली. काल जिचा वास तिच्या नाकात रात्रभर रेंगाळला होता, ती. त्याने धूर सोडला. अन्नपूर्णाने डोळे मिटून श्वास घेतला. भुशाचा वास होता, चामड्याचा होता, आणि त्यांच्या मागे तोच गोडसर कुजका वास दार उघडून बसलेला होता.

"हेबी," ती म्हणाली.

लहानू भडकला. "हेबी कशी सडंन? दोन्ही सडतीन काय? एक तं असली हाये नं! अन्नपूर्णा, ध्यान दे जरा. आज माही इज्जत हाये तुह्या नाकावर." त्याने पुन्हा झुरका घेतला, पुन्हा सोडला. "बोल नं! नाक गेलं का तुह्यंबी?"

ती मनातल्या मनात एकेक पोतं उलगडत होती. पोळ्याचा माल निपाणीचा होता. दिवाळीचा गुजरातचा. संक्रांतीचा दुसऱ्याच गावचा. ही सिगार समुद्रापलीकडची आणि ती नकली कुठली देव जाणे. इतक्या मुलखांची पानं, इतक्या तऱ्हेची माती, आणि सगळ्यांना कीड एकच? असं कधी होत नाही. मग सगळ्यांत सारखं काय होतं? धूर. आणि धूर येत होता तो एकाच वाटेने.

तिने ओंजळ लुगड्याला पुसली.

"धूर नोको," ती म्हणाली. "सिगार खाली ठेवा. नुसतंच फुंका."

"काय?"

"रिकामंच फुंका. माह्या हातात."

लहानूला काही कळेना, पण तिच्या आवाजाला तो भ्याला. त्याने पुढे वाकून तिच्या ओंजळीत नुसती फुंकर घातली. अन्नपूर्णाने ओंजळ नाकाशी नेली. धूर नव्हता, पण वास तोच होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसं तिने आठ महिने केलं होतं. तीन ट्रक भरून चांगली तमाखू सडकी म्हणून परत पाठवली आणि जे सडत होतं त्याला दर खेपेला पाहुण्यासारखं समोर बसवून विचारत राहिली, माल कसा आहे?

"तोंड उघडा," ती म्हणाली.

"अवं, पण सिगार..."

"आग लागो तुमच्या सिगारीले! तोंड उघडा म्हन्ते नं!"

तीस वर्षांत ती असं ओरडली नव्हती. त्याने तोंड उघडलं. तिने त्याची हनुवटी धरून त्याला उजेडाकडे वळवलं. डाव्या बाजूला, शेवटच्या दाढेमागे, जिभेच्या कडेपासून गालापर्यंत एक जखम पसरली होती, काठाने पांढरी आणि मध्ये लाल. "दाढ घासते तिथं," लहानू तोंड मिटून म्हणाला. "फोड हाये." त्याला तिथे फोड आहे हे ठाऊक होतं. त्याचा वास येतो हे मात्र ठाऊक नव्हतं, कारण त्याला कशाचाच वास येत नव्हता.

मग लहानूने तिची भुशाच्या वासाची सिगार उचलून नळीत घातली. "म्हंजे हेच असली," तो म्हणाला. माणूस किती चिवट असतो पाहा. मरण दाढेमागे बसलं होतं आणि याला अजून निकालाची पडली होती. पण मग तो हळू आवाजात पुढे म्हणाला, "आन् त्यायचा मालबी चांगला होता." तेव्हा अन्नपूर्णाला कळलं की हा आता काय करणार आहे. तो एकटा जाऊ नये म्हणून तिने कालचं चुन्याने भरलेलं लुगडं बदललं आणि त्याच्यामागे चालू लागली.

कारखान्याच्या बैठकीत ती त्याआधी कधी चढली नव्हती. बापूजी गादीवर होते, प्रभाकरराव खुर्चीत पाय हलवत बसले होते. लहानूने नळी पुढे ठेवली. "हे असली."

प्रभाकररावांचा पाय थांबला. उत्तर बरोबर होतं. बापूजींचा चेहरा उजळला, ते म्हणाले, "बघा प्रभाकरराव, मी सांगत नव्हतो?" तिथेच थांबला असता तर लहानू जिंकला होता. नाक शाबूत, मान शाबूत. अन्नपूर्णाच्या मनात क्षणभर आलंही की हा गप्प बसला तर बरं.

पण लहानू म्हणाला, "बापूजी, परभाकररावचा माल सडका नव्हता. दोन्ही वेळा चांगला होता. पोळ्याचाबी चांगला होता. सडका वास माह्या तोंडातून येत होता." मग त्याने सगळं सांगितलं. होळीची गोष्ट, ओंजळ, फुंकर. काही लपवलं नाही. "तीन वर्षांपासून मले काई समजत नाई. पारख हे करते. मी फक्त बोलतो."

प्रभाकरराव जिंकले होते, पण त्यांना तोंड कुठे करावं कळेना. ते उठून बाहेर जाऊन उभे राहिले. बापूजींना आधी राग आला. एका बाईच्या नाकावर, ओंजळीवर आपला कारखाना चालला, हे त्यांना पचेना. मग व्यापारी जागा झाला. त्यांनी बाजूच्या पोत्यातून मूठभर तमाखू काढली आणि अन्नपूर्णापुढे धरली. "बाई, कालच आला. पाहा बरं जरा."

अन्नपूर्णाने त्या मुठीकडे पाहिलं. ज्या माणसाने नवऱ्याला दवाखान्यात ने म्हणायच्या आधी तमाखू पुढे केली, त्याच्या हातावर थुंकावं असं तिला वाटलं. "मले आता माह्या नाकाचा भरोसा नाई," एवढंच ती म्हणाली आणि लहानूचा दंड धरून पायऱ्या उतरली.

रविवारची वाट न पाहता तिने शेजारच्या दुकानातून अश्वजितच्या शाळेजवळ फोन करवला. तो संध्याकाळी आला, ऐकलं आणि दारं-खिडक्या उघडू लागला. उघडता उघडता एका खिडकीशी थांबून रडला. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने तिघं वर्ध्याला निघाली.

तिथल्या मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता. त्याने बॅटरी लावून लहानूच्या तोंडात पाहिलं, मानेवर बोटं दाबून गाठी चाचपल्या आणि विचारलं, "किती दिवसांपासून आहे हे?"

"दोन महिने," लहानू म्हणाला.

डॉक्टरने मान हलवली. "वर्ष तरी झालं असेल. तुकडा काढून तपासायला पाठवतो, पण मला जे वाटतंय ते सांगतो. जबडा आणि जिभेचा बराच भाग काढावा लागेल. सहा-आठ महिने आधी आला असतात तर थोडक्यात भागलं असतं." मग त्याने अश्वजितकडे आणि अन्नपूर्णाकडे पाहिलं. त्याच्या आवाजात चीड होती. "या जखमेला वास येतो. घरात कुणालाच कळलं नाही?"

"घरात चोवीस तास तमाखू, डॉक्टर," अश्वजित म्हणाला. "तिथं कोणाले काय वास येणार?"

मुलाने तिला सोडवलं होतं. गप्प बसली असती तर कुणी तिला पुन्हा विचारलं नसतं. पण अन्नपूर्णाला ते सहन झालं नाही.

"आला होता," ती म्हणाली. "मले आला होता जी. पोळ्याच्या दिवसांत, पहिल्याच सकाळी आला होता. मी म्हनलं, तमाखू सडली. तीन खेपा म्हनलं. माह्या समोर बसले होते हे, एवढ्या जवळ, आन् मी पोत्याले दोष देत राह्यली." तिने दोन्ही हात डॉक्टरपुढे धरले, जसं काही त्यात अजून काही उरलं होतं. "माह्यं नाक चुकलं, डॉक्टरसायेब. मीच मारलं यायले."

टेबलावर बसलेला लहानू खाली उतरला आणि तिच्याजवळ आला. त्याने तिचे ते पुढे केलेले हात आपल्या हातांत घेतले. नवऱ्याने लोकांदेखत तिचा हात कधी धरला नव्हता.

"नाई," तो म्हणाला. कारखान्यात ज्या आवाजात तो "घ्या" आणि "परत" म्हणायचा त्याच आवाजात. "डॉक्टरसायेब, हिचं नाक एकबी खेप चुकलं नाई. सडलं होतं ते हिनं सडलं म्हनूनच सांगतलं. धुराचं आयक म्हनून नेम मी शिकवला. चूक माही हाये."

नवव्या दिवशी ऑपरेशन झालं. लहानू त्यानंतर दोन वर्षं आणि काही महिने जगला, पण त्याचं बोलणं पुन्हा कुणाला समजलं नाही. अन्नपूर्णाबाई रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी त्याच्यासमोर बसायची, तो काहीतरी पुटपुटायचा आणि ती कान देऊन ऐकत राहायची.